केसरअक्कांचं नाक

धुळ्याच्या बस स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अंगात हुडहुडी होती आणि पाठपिशवीत बारा रिकाम्या बाटल्या किणकिणत होत्या.

या बाटल्यांचं कारण आधी सांगायला हवं. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी नाकाच्या तपासण्या करते. आमच्याकडे परदेशात तयार झालेली एक पेटी आहे, तिच्यात बारा वासांच्या बारा कांड्या. रुग्णाने डोळे मिटून कांडी हुंगायची आणि कार्डावरच्या चार नावांतलं एक निवडायचं. दिवाळीपूर्वी विजय नावाचे एक गृहस्थ आपल्या आईला, केसरअक्कांना, घेऊन आले. अक्का चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एकट्या राहतात. त्यांना बारापैकी तीनच वास ओळखता आले. ‘घ्राणशक्ती अत्यंत क्षीण’ असं मी लिहिलं आणि खाली सही केली.

महिन्याभराने विजयचा फोन आला. त्यांनी गावच्या घरातला गॅस बंद करून टाकला होता. शेळ्या विकून आईला कायमचं पुण्याला आणायचं चाललं होतं. “गॅस गळला तर तिला कळणार कसं?” ते म्हणाले. “ती तर आता फोनवर बोलतसुद्धा नाही.”

त्यानंतर मला नीट झोप लागेना. कार्डावरची नावं डोळ्यांपुढे यायची: अननस, ज्येष्ठमध, टर्पेंटाइन. हे वास अक्कांना कुठे भेटले असणार? आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही तीच शंका होती. “खानदेशातल्या माणसांना तिथलेच वास देऊन बघ,” त्यांनी सांगितलं, आणि मी निघाले.

धुळ्यात पहिला थांबा अत्तराच्या दुकानात. दुकानदार सलीमभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांना मी आमची ‘कातडं’ लिहिलेली कांडी हुंगायला दिली.

“हे कातडं? आमच्या मामूंचं चपलांचं काम आहे, ताई. कातडं असं येत नाही. हे बुटाचं पॉलिश वाटतं.”

मग त्यांनी माझ्या चार बाटल्यांत कापसाचे बोळे घालून वास भरून दिले. गुलाब, वाळा, कापूर, लवंग. उरलेलं सामान कुठे मिळेल तेही सांगितलं. वर एक ताकीद दिली, “सलग हुंगू नका. नाक दमतं. मधून मधून स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा.”

दुपारपर्यंत बाजारात धने, लसूण, काळा मसाला, सरकी, मोहाची सुकी फुलं, रॉकेल, कडुलिंबाचं तेल आणि हिंग असा ऐवज जमला. अमळनेरला पोचून शेवभाजी खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. वाढणारे काका म्हणाले, “ताई, ही तर फिकीच शे.” (शे म्हणजे आहे.)

चोपड्याच्या एसटीत फजिती झाली. तापीच्या पुलाअलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि हिंगाच्या बाटलीचं बूच उडालं. क्षणात अख्खी गाडी मागे वळून पाहू लागली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, “फोडणी कोण देतंय?” सगळे हसले. मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या थांब्यावर टाकून दिली. उरल्या अकरा.

चोपड्याहून जीपने गावात पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. सातपुडा अगदी अंगणाला टेकल्यासारखा जवळ दिसत होता. अक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“ये माय, बैस. परत नाक तपासाले उनी का?” (आलीस का?) त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

मी खरं ते सांगितलं. “अक्का, माझीच चूक झाली असेल असं वाटतंय. म्हणून आले.”

अक्का आत गेल्या आणि दोन केळी घेऊन आल्या. मी एक सोललं आणि काय मनात आलं, पिशवीतल्या जुन्या पेटीतून ‘केळं’ लिहिलेली कांडी काढून त्यांच्यापुढे धरली.

अक्कांनी नाक मुरडलं. “हाई केयं नई शे.” (हे केळं नाही.) इकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो. “मन्हा जलम केयीना बागमा गया (माझा जन्म केळीच्या बागेत गेला). ही तर पोऱ्यास्नी रंगीत गोयी.” (मुलांची रंगीत गोळी.)

मी कांडी हुंगली, मग हातातलं केळं हुंगलं. एकदा, दोनदा. कांडीत फक्त गोडसर उग्रपणा होता. केळ्यात दमट साल होती, पिकलेपणा होता, थोडी माती होती. पुण्यात त्यांनी कार्डावरच्या ‘केळं’ या शब्दाला ठाम नकार दिला होता आणि मी फुली मारली होती.

मग अकरा बाटल्या सुरू झाल्या. या वेळी कार्ड नाही, नावं नाहीत; जे वाटेल ते बोलायचं. लसूण, धने, लवंग पटापट आले. रॉकेलची बाटली उघडताच त्यांनी तोंड फिरवलं. मोहाला म्हणाल्या, “मोह. पन औंदाना नई, जुना शे.” खरंच, दुकानदाराने गेल्या वर्षीचा माल दिला होता. वाळा त्यांना ओळखता आला नाही. गुलाबाला त्या म्हणाल्या, “लगीन.” मी लिहिता लिहिता थांबले. त्यांच्या गावात गुलाबपाणी लग्नातच शिंपडतात. मी ते उत्तर बरोबर धरलं. अकरापैकी दहा.

अक्का शेळ्यांना बांधायला मागच्या गोठ्यात गेल्या. जाताना चुलीवरच्या डाळीकडे लक्ष ठेवायला सांगून गेल्या. मी चुलीशेजारीच बसून आकडे लिहीत होते. इतक्यात गोठ्यातून हाक आली, “ओ माय! डाय खाले लागी ऱ्हायनी ना!” (डाळ खाली लागतेय!)

मी झाकण काढलं. वरून डाळ शांत रटरटत होती. पळी घातली तर तळाला चिकटलेली. दिवसभर बाटल्या हुंगून माझं नाक बधिर झालं होतं. हातभर अंतरावरून मला जे कळलं नाही, ते त्यांना भिंतीपलीकडून कळलं होतं. त्या धावत आल्या, भांडं उतरवलं आणि माझ्या तोंडाकडे बघून इतक्या हसल्या की भिंतीला टेकून बसल्या.

“मन्हं नाक गयं व्हतं ना?” (माझं नाक गेलं होतं ना?)

मलाही हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. तिथूनच विजयला फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं:

“आणि गॅस?”

“परत सुरू करा. त्यांचं नाक चांगलं आहे. खात्रीसाठी अधूनमधून मी तपासत जाईन. शेळ्याही राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी जळगावहून गाडी पकडली. बरोबर अक्कांनी दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास डब्यातूनही येत होता. समोरच्या बाईंनी न विचारता सांगितलं, “पऱ्हाटीवरचं भरीत दिसतंय.” मी हसून निम्मं त्यांना दिलं. मनात आलं, मी इतकी वर्षं माणसांना वास ओळखायला सांगते आहे असं समजत होते. खरं तर दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरातली नावं त्यांच्याकडून वदवून घेत होते.

पुण्यात पोचल्यावर जुना अहवाल फाडता येत नव्हता. त्याच्याखाली नवा लिहिला, जुना का चुकला तेही लिहिलं, आणि पुन्हा सही केली.

आठवड्याने विजय तो कागद न्यायला आले. वाचून घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळले.

“काल आईचा फोन आला होता,” ते म्हणाले. “अर्धा तास मला नुसत्या शिव्या घातल्या तिने.”

आणि असे हसले, की पुढचा रुग्ण आत यायचं विसरून दारातच उभा राहिला.