दादाची हरळी

गावी भातकुलीला सकाळी तुरीच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, गाडी खाली करत होतो, तेव्हा अकोल्याहून पुतणीचा फोन आला. ‘काका, बाबा गेले...’ एवढंच बोलली. रामदास दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मला आधी दुःख झालं नाही, हे कबूल करतो. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. का, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

दादा अकोल्याच्या एका कॉलेजात माळी म्हणून लागला आणि तिथल्या बोडक्या मैदानावर त्यानं हिरवळ केली. त्यासाठी हरळी न्यायला तो गावी आला, त्यानं आमच्याच धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पोतंभर वेल उपटले. आमचे बाबा बघतच राहिले. काळ्या रानात हरळी म्हणजे दावेदार, जन्माची वैरीण. ‘आमी जलमभर खोदू खोदू फेकली, अन् तू तिले पानी घालून राहिला? याच्यासाठी शिकवलं का तुले?’ दादा हसला. वेलाचे वीतभर तुकडे केले, कोंब फुटतात ते दोन डोळे मातीत, एक वर, असे ओळीनं लावले, रोलर फिरवला, आणि पावसाळा संपेपर्यंत मैदान भरलं. सावली त्या गवताला खपत नाही म्हणून कडेच्या निंबाच्या फांद्या छाटायची परवानगी मिळवायला तो प्राचार्यांच्या दारात तीन दिवस उभा होता. निवृत्त झाल्यावर घरापुढच्या चार खाटांएवढ्या जागेत त्यानं तीच हरळी लावली. कापताना नुसता शेंडा घ्यायचा. बुडापासून कापलं की गवत रुसतं, म्हणायचा. कुणाचा लॉन पिवळा पडला की लोक त्याला स्कूटरवर बसवून न्यायचे. तो वाकून माती चिमटीत घ्यायचा आणि बरोबर काय ते सांगायचा. हाताचा फार अभिमान होता त्याला... आणि असायलाच हवा होता.

मागच्या श्रावणात त्याचा फोन आला, ‘येताना पंप आन. गवतावर खत फवारतो.’ मी आदल्याच दिवशी सोयाबीनमधलं गवत मारायला तणनाशक मारलं होतं. ते औषध सोयाबीनला काही करत नाही, फक्त गवत जाळतं. पंप धुवायचा राहिला. तळाशी उरलेलं तसंच होतं. बसच्या घाईत उचलला आणि निघालो. दादानं त्यातच खताचं पाणी केलं आणि सगळ्या अंगणावर मारलं. मी ओट्यावर चहा पीत होतो.

दहा-बारा दिवसांत गवत आधी लालसर, मग पिवळं, मग वाळून गेलं. दादानं फोनवर सांगितलं. मला त्याच क्षणी कळलं होतं. पण दादाच म्हणाला, ‘खताचं माप चुकलं रे माह्यं. मोतीबिंदू काढल्यापासून नीट दिसत नाई... माह्याच हातानं जळलं.’ आणि मी म्हणालो, ‘होते कधी कधी, दादा.’

त्यानंतर कुणी बोलवायला आलं की तो घरात नाही असं सांगायला लावायचा. दिवाळीत गेलो तेव्हा सांगायचं पक्कं ठरवून गेलो होतो. तो पाठ करून झोपलेला होता. मी फराळाचं खाऊन परत आलो. माझ्यासारखा भेकड माणूस मी पाहिला नाही.

दादाचे दिवस झाल्यावर, गेल्या आठवड्यात अकोल्याला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. जुडी खाली ठेवली. ‘मंग तवाच काहून नाई सांगतलं, भाऊजी?’

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. उठल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. फळीवरच्या एकेका डब्यावर कागदाची चिठ्ठी होती. मीठ. साखर. सोडा. पिठी. ठसठशीत, मोठं अक्षर, दादाचं.

‘सोताच्या चहात साखर टाकतानीबी मले इचारत, साखरच हाय ना म्हून. मंग बसून हे सारं चिकटोलं. म्हनत, माह्या हाताचा आता भरोसा नाई.’

मी फळीपुढे उभाच राहिलो... अक्षर दादाचं आहे, पण त्या चिठ्ठ्या मी लावल्या आहेत.