वटवाघळांच्या कपाटातली अळंबी

संग्रहालयातले नमुने सांभाळणाऱ्या काकू शनिवारी निवृत्त होणार होत्या. फलाहारी वटवाघळांच्या कपाटात उलटा टांगलेला एक नमुना मला खटकला. तो मिटलेल्या पंखासारखा तपकिरी आणि चिवट होता. त्याचे कार्ड काकूंनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लिहिले होते. जाताना त्यांना बोल लागू नये, म्हणून मी चाचरतच भिंग पुढे केले. पंखात हाडे असतात. इथे नुसती बारीक छिद्रे होती. ती जंगलात झाडाच्या खोडावर वाढणारी चिवट अळंबी होती.

काकू खळखळून हसल्या. “अगं, एकतीस वर्षं हिला उलटं टांगलंय मी! बिचारीनं एकदाही तक्रार केली नाही!”

त्यांनी अळंबी सुलटी ठेवली, नवे कार्ड लिहिले. जुने मात्र फाडू दिले नाही.

“राहू दे मागे. माझं पहिलं कार्ड आहे ते.”