सुकेशनीचं वेगळं पातेलं

वाळूजच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला कामाला जाणारी सुकेशनी पहाटे मैदानावर पळायला जायची. पोलीस भरतीची तिची ही शेवटची खेप; वय सरत आलं होतं. आठशे मीटरांतले पाचशे ती सगळ्यांच्या पुढं असायची. मग मांड्या लाकडासारख्या व्हायच्या आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची.

शिकवणारे माजी फौजी खंडेराव ओरडायचे, "शेळी तुझ्याहून बरी पळती! रोज चार अंडी खा."

"गळ्यात माळ हाय, सर."

"मग टाळ वाजव, भरतीला कशाला येतीस?"

ही माळ तिनं मागितली नव्हती. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, खंडोबाचं; मटण सगळ्यांच्या आवडीचं. पण सात वर्षांची असताना ती तापानं फणफणली, तेव्हा बाप मल्हारराव देवापुढं बोलून बसले, पोर उठली तर तिला माळकरी करीन. पोर उठली. तेव्हापासून तिचं पातेलं वेगळं, तवा वेगळा. सगळ्यांचं रांधून, वाढून झालं की गॅस पुसायचा आणि मग आपलं शिजवायचं. बहुतेकदा तोवर कंपनीची बस यायची. चहात बुडवलेल्या भाकरीवर दिवस निघायचा.

भरतीला नऊ दिवस उरले असताना ती मैदानावर कोसळली. घरी येऊन तिनं माळ काढून बापापुढं ठेवली. आई राजाबाईनं अंडं उकडून दिलं. पहिल्याच घासाला तिला भडभडून ओकारी आली.

"माळ बी गेली अन् अंडं बी पोटात राहीना," ती भिंतीला डोकं लावून म्हणाली. "आता काय करू, बाबा?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं. नर्स संध्याताईंनी तिचं खाणं विचारलं आणि कागद खाली ठेवला.

"रक्त आठच भरलंय, बारा तरी हवं. माळेला कशाला दोष देतेस? तू जेवतच नाहीस. हुलगे, डाळ, पालेभाजी खा, वर लिंबू पिळ, पोटभर जेव. जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस. गोळ्या देते."

"आठ दिवसांत भरंल?"

"महिने लागतील, बाई. तोवर पळू नकोस."

तिनं माळ पुन्हा घातली. त्या संध्याकाळी मल्हाररावांनी गॅसवरचं मटणाचं पातेलं स्वतः खाली उतरवलं. "आधी पोरीचं शिजवा," एवढंच म्हणाले.

भरतीच्या दिवशी ती तरीही पळाली. पाचशेपर्यंत पुढं होती. मग मांड्यांनी तेच केलं. ती रेघेवर पोचली तेव्हा वेळ संपून गेली होती.

मैदानाबाहेर बाप हुलग्याच्या माडग्याचा डबा घेऊन उकिडवा बसला होता.

"पी, गरम हाय."

"आता पिऊन काय करू, बाबा?"

मल्हाररावांनी झाकणात माडगं ओतलं. "वीस वर्सं रोज बघत होतो, तू सगळ्यांच्या मागून जेवतीस ते. मला वाटलं, माळ अशीच पाळायची असती."

आत पुढच्या मुलींची नावं पुकारत होते. सुकेशनीनं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायली. डब्यात उरलेलं बापानं पुन्हा तिच्याच झाकणात ओतलं.