स्टेशनावर सापडलेला वकील

मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडील तांबट, हंडे-घागरी ठोकून ठोकून त्यांना जवळजवळ ऐकूच येईनासं झालं होतं. लोकांचं बोलणं मीच त्यांना खुणांनी सांगायची.

भाऊ चौदाचा, पण अंगानं दांडगा, मिसरूड फुटलेलं. परदेशी कापडाच्या दुकानापुढे निदर्शनं चालली होती. घागर पोचवून परतताना तो बघत थांबला आणि पोलिसांनी सगळ्यांबरोबर त्यालाही उचललं. वय लिहिलं अठरा. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करणार होते.

"मोठ्यांबरोबर तुरुंगात घालतील गं त्याला," आई म्हणाली. "आधी वकील गाठा."

पहिल्या वकिलांनी दारातूनच हात जोडले. दुसऱ्यांचा कारकून म्हणाला, "साहेब मुंबईला निघाले. टांगा आत्ताच गेला नाशिक रोडला."

आम्हीही टांगा केला. "पळवा, काका, पळवा!" मी उभी राहून ओरडत होते, वडील माझा परकर घट्ट धरून बसले होते.

फलाटावर मनमाडकडून आलेली गाडी उभी होती. वकिलांना मी कधी पाहिलंही नव्हतं. जीव तोडून हाक मारली, "वकीलसाहेब!"

दोघांनी वळून पाहिलं!

एक डब्यात चढत होते. माझं निम्मंच ऐकून म्हणाले, "सोमवारी या," आणि गाडी हलली. दुसरा नुकताच उतरलेला, हातात वळकटी.

"आहे चौदा आणि लिहिलंय अठरा?" त्याचे डोळे चमकले. "मी मालेगावचा, विणकर मुसलमानाचा मुलगा. सनद मिळून महिनाही झाला नाही. एकही खटला चालवलेला नाही. चालेल?"

मी खुणा करायच्या आत तो स्वतःच वडिलांसमोर उभा राहून तेच सावकाश, शब्द सुटा करत बोलला. वडिलांनी त्याची वळकटी उचलून टांग्यात टाकली.

वाटेत त्यानं विचारलं, "शाळेत होता ना? मग जन्मतारीख रजिस्टरात असणारच!"

हेडमास्तर जेवत होते. आमचं ऐकून भरल्या पानावरून उठले, शाळा उघडली आणि दाखला लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या वकिलानं तो दाखला पुढे केला. मॅजिस्ट्रेटनी भावाला आपादमस्तक न्याहाळलं. "हा चौदाचा?"

"होय, साहेब. मिशी पुढं आलीय, वय मागून येतंय."

सगळे हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी दाखला दोनदा वाचला. मग वडिलांना विचारलं, "मुलाला नीट सांभाळाल?"

वडिलांना ऐकू गेलं नाही. मीच पुढे धावले. "सांभाळतील!"

ताकीद देऊन भावाला वडिलांच्या हमीवर सोडलं. बाहेर येताच भावाआधी वकिलानंच आरोळी ठोकली. मग आजूबाजूचे काळे कोट बघताहेत म्हणून कागद सावरले, पण हसू काही आवरेना.

त्या दुपारी आईनं भावाशेजारी वकिलाचंही पान मांडलं. आमच्या आळीत तसं कधी होत नसे. कुणी काही बोललंही असेल. त्या आनंदात आम्ही कुणाचंच ऐकलं नाही.