मधली जागा सोडणारा चित्रकार

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेत मुलींना प्रार्थना शिकवत होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "टीचर, फोन." आमच्या घरी फोन नाही आणि शाळेत मला कुणी कधी फोन करत नाही. त्यामुळे हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीपर्यंत जाताना मनात नको नको ते येत होतं, आणि त्यातलं सगळ्यांत नको तेच खरं ठरलं. माझा थोरला भाऊ राघवेंद्र, आमचा अण्णा, सकाळच्या बसने आनेकलला गेला होता, तिथल्या एका फोटो स्टुडिओत फोटोत मागे दिसणारा, त्यानेच रंगवलेला नवा पडदा लावायला. पडदा लावून शिडीवरून उतरला, छातीत कळ येतेय म्हणाला, आणि बाकावर बसला तो पुन्हा उठलाच नाही. त्याला पस्तीसही पूर्ण नव्हती. महिना उलटून गेला या गोष्टीला, पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बाहेर पडावंसं वाटतं, आणि बाहेर पडल्यावर कशासाठी पडले तेच आठवत नाही. आई म्हणते, "सरू, स्वल्प टेक की गं." पण नाही टेकवत.

तसं पाहिलं तर ही माझी नव्हे, अण्णाची सवय. तो कधी स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. जेवतानासुद्धा पाटावर एक पाय उभा, बोट ताटातल्या आमटीत बुडवून कडेला रेघ ओढायची, आणि अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, डोळे वटारले की ती भाताने पुसायची. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आमचे लोक बंगळूरला आले, असं अप्पा अभिमानाने सांगतात. फौजेत ते काय करत होते हे विचारलं तर मात्र रागावतात. त्यांच्या आठवणीतल्या साऱ्या पिढ्या कचेरीतच गेल्या, आणि पेन्शन ही त्यांच्या लेखी देवाखालोखालची गोष्ट. त्यात अण्णा इंटर झाला तो काळ असा, की शहराच्या चारी बाजूंना कारखाने उभे राहत होते. विमानं, टेलिफोन, यंत्रं... पॉलिटेक्निकचा कागद हातात असलेली पोरं सायकलवर टांग टाकून कामाला जायची आणि संध्याकाळी त्यांच्याकडे मुलींचे बाप यायचे. अशा दिवसांत अण्णाने जेवता जेवता सांगितलं, की मी कलाशाळेत जाणार. पाच वर्षांचा डिप्लोमा.

अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतला, बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि अण्णाला समोर उभं केलं. "पाच वर्षांनी काय होणार तू?"

"चित्रकार."

"म्हणजे दुकानाच्या पाट्या?"

"नव्हे अप्पा, चित्रं."

"सरी, ठीक आहे. आपल्या या मल्लेश्वरमात एका घरच्या भिंतीवर माणसानं काढलेलं चित्र लागलेलं दाखव मला. देव नको, कॅलेंडर नको, वाडवडिलांचे फोटो नकोत. ज्या दिवशी तुझं चित्र कुणी आपल्या भिंतीवर लावलेलं मी बघेन ना, त्या दिवशी मानीन तुला."

अण्णा दुसऱ्या दिवसापासून खरोखरच घरोघर भिंती बघत फिरला, आणि असं एकही घर त्याला सापडलं नाही. तरीही तो कलाशाळेत गेलाच. पुढे मीही मुलींच्या कॉलेजात संगीत घेतलं, तेव्हा मला कुणी एका शब्दाने अडवलं नाही. मला तेव्हा वाटायचं, माझे लाड होताहेत. लाड कसले... मुलीचं गाणं बघायला आलेल्या मंडळींसमोर एकदा म्हणण्यापुरतं असतं, त्यातून काही मिळवायचं नसतं, मग अडवायचं कशाला! अण्णाला प्रश्न विचारले जायचे आणि मला विचारलेच जायचे नाहीत, यात जास्त अपमान कुणाचा, यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात तासन् तास भांडायचो. तो हसायचा. "तुझा," म्हणायचा, "पण तुला चहा बोलणी न खाता मिळतो की."

भाषावार प्रांत होऊन आमच्या राज्याचा नकाशा मोठा झाला, त्या सुमारास त्याचा डिप्लोमा झाला. मग सुरू झाल्या नोकऱ्या. आधी एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. तिथे त्याला चित्रकला सोडून सगळं करायला मिळालं: बक्षीस समारंभाच्या कमानी, पाहुण्यांच्या नावाचे फलक, इन्स्पेक्टर येण्याआधी फळ्याला काळा रंग. वर्ष संपायच्या आत त्याने ते सोडलं. मग गिरणीत लुगड्यांचे काठ. एकच कोयरी, एकच कळी, पुन्हा कोयरी. झोपेतही बोटं हलतात म्हणून तेही सुटलं. मग कारखान्यात ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले यंत्रांचे नकाशे गिरवणारा. या नोकरीने अप्पांच्या जिवात जीव आला, आईने शेजारी पेढे वाटले. के. आर. पुरमच्या बाजूला जाणारी मोठी बस पकडून तो चांगले कपडे घालून जायचा. एक दिवस दुपारीच परत आला, बूट काढले आणि म्हणाला, "सरू, दिवसभर रेघा ओढतो, पण त्यातली एकही माझी नसते." मला त्याचा भयंकर राग आला होता. अरे, रेघ कुणाची का असेना! घरात बसून असलेल्या थोरल्या मुलाच्या बापाला कचेरीत लोक काय काय विचारतात, हे याला कळू नये?

आणि मग नंजुंडप्पांचा पडदा आला. नंजुंडप्पांचा फोटो स्टुडिओ आमच्याच रस्त्याच्या टोकाला. त्यांच्याकडचा जुना पडदा, जिना आणि राजहंसांचा, विटून गेला होता. तसाच नवा करून द्या, म्हणाले. तसाच करील तर अण्णा कसला! त्याने मागच्या अंगणात मांजरपाट ताणला, सरस उकळून घरभर वास केला, आणि देवळाची पुष्करिणी काढली: मधोमध दगडी मंडप, त्याची फरशी, मागे पाणी, पाण्यापलीकडे नारळी. आम्ही बघतच राहिलो. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक मोठं कुटुंब आलं, आजी-आजोबा खुर्च्यांवर, बाकीचे मागे. फोटो धुऊन आले आणि नंजुंडप्पा ते हातात घेऊन थेट आमच्या दारात. "काय हो राघवेंद्रराव, हे लोक विचारतात, आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी का बसवलंत?"

खरंच तसं दिसत होतं. मंडपाची फरशी त्या माणसांच्या मागे चढासारखी उभी राहिली होती, आणि आजी-आजोबा आता घरंगळतील की मग असे. शिवाय ज्यावर अण्णाने आठवडा घालवला तो मंडप आजोबांच्या पागोट्यामागे पार झाकून गेला होता. झालं होतं असं, की अण्णाने पडदा रंगवला उभ्याने, उभ्या माणसाच्या डोळ्यांतून, जसं कलाशाळेत शिकवतात तसं. कॅमेरा मात्र असायचा खाली, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला. कुणी दुसरा असता तर पैसे परत करून मोकळा झाला असता. अण्णा चार दिवस स्टुडिओच्या जमिनीवर बसून होता, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून. घरी आला की जेवताना तेच. "चित्र चुकीच्या उंचीवरून बघितलं की मरतं, सरू. हा पडदा बसलेल्या माणसासाठी काढायचा." अप्पा मान खाली घालून ताक-भात कालवत असायचे, जसं काही समोर कुणी बोलतच नाही.

दुसरा पडदा त्याने तसाच केला. क्षितिज खाली आणलं, मंडपाचे खांब दोन कडांना सरकवले, आणि मधोमध काहीच नाही, नुसतं पाणी आणि त्यावरचा उजेड. मी विचारलं, "मध्येच असं रिकामं का?" कलाशाळेत पाच वर्षं मुख्य गोष्ट मध्याशी कशी आणायची ते शिकलेला माझा भाऊ म्हणाला, "मध्ये काही काढायचं नाही. मध्ये माणसं येणार." हे बोलताना तो हसत नव्हता आणि दुःखीही नव्हता. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, एवढं मला आठवतं.

या कामात मात्र तो टिकला. बंगळुरातले, आनेकलचे, के. आर. पुरमचे स्टुडिओवाले त्याला शोधत यायला लागले. रविवारी तो स्वतःची चित्रं काढायचा, प्रदर्शनांना पाठवायचा, आणि ती परत यायची. आली की दोन दिवस घरात त्याच्या वाटेला कुणी जात नसे. अप्पा एकदाच म्हणाले, "पडदे म्हणजे चित्र नव्हे." मला वाटतं, अण्णाचंही तेच मत होतं, आणि तेच त्याला खात होतं.

लग्नासाठी फोटो हवा म्हणून आईने त्याला एकदा जबरदस्तीने स्टुडिओत धाडलं. फोटो आला तो बघून आईने कपाळावर हात मारला. आपल्याच पडद्यासमोर साहेब अगदी कडेला उभे, खांबाला चिकटून, अर्धा खांदा चौकटीबाहेर. आणि मध्ये सगळं पाणीच पाणी! "मुलीकडच्यांना मुलगा दाखवायचा की तळं?" आई ओरडली. अण्णा म्हणाला, "झाकलं असतं ना मी." तो फोटो कुठल्याच घरी गेला नाही, आईच्या ट्रंकेत राहिला.

अण्णा गेल्यानंतर मला घरात बसवेना, म्हणून मी ओळखीच्यांकडे जात राहिले. आणि कुणाच्याही घरी गेले की माझे डोळे भिंतीवर जायचे. मैत्रिणीच्या लग्नाचा फोटो: मागे अण्णाचं पाणी. वाण्याच्या गादीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो: मागे अण्णाच्या नारळी. कुणाचं बारसं, कुणाची साठी, कुणाचा पदवीचा झगा... मी एका घरातून उठायचे आणि वेड्यासारखी दुसऱ्या घरी जायचे. गेल्या आठवड्यात अप्पांच्या जुन्या साहेबांकडे भेटायला गेले, तिथेही बैठकीत तेच. मग मात्र राहवलं नाही. घरी आले आणि चपला न काढताच अप्पांना म्हणाले, "तुम्हाला भिंत हवी होती ना? तुमच्या साहेबांच्या बैठकीत आहे. वाण्याकडे आहे. निम्म्या मल्लेश्वरमात आहे. फक्त समोर माणसं आहेत म्हणून तुम्हाला दिसलं नाही." इतकं चढ्या आवाजात मी अप्पांशी जन्मात बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नंजुंडप्पा आले. आम्हाला भिंतीवर लावायला अण्णाचा फोटो हवा होता, आणि ट्रंकेतला तो एकच होता. नंजुंडप्पा म्हणाले, चेहरा तेवढा कापून मोठा करून देतो, नाहीतर सगळं पाणीच दिसेल. आई होय म्हणणार तोच अप्पा म्हणाले, "कापू नका. सगळा राहू दे. सगळाच मोठा करा."

काल तो चौकट करून आला. मी स्टुलावर चढले, आमच्याकडे सगळे फोटो लागतात तसा वर, छताजवळ खिळा ठोकला आणि तो लावला. खाली उतरून बघितलं. कडेला अण्णा, मध्ये पाणी. अप्पा उभे राहून बघत होते. मग ते आपल्या खुर्चीत बसले, त्याच, जिच्यात बसून त्यांनी अण्णाला समोर उभं केलं होतं. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"खाली घे," ते म्हणाले.

मी वीतभर खाली घेतला.

"अजून. खुर्चीतून सरळ दिसायला हवा." ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "बसलेल्या माणसासाठी काढायचा म्हणायचा ना तो..."

मी तिसरा खिळा ठोकला, अप्पांच्या डोळ्यांच्या रेषेत. मग दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसले.