एकशे एकाहत्तर रेघा

निशिकांतराव जहाजावर चीफ इंजिनिअर, आणि सुट्टीवर सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या घरी आले की मराठी मंडळींना त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी असे: सोमाली चाचे. एडनच्या आखातात एका स्पीडबोटीने त्यांच्या जहाजाचा वीस मिनिटं पाठलाग केला होता, बस्स, एवढंच. पण कुणाच्याही घरी बशी हातात आली की फर्माईश ठरलेली. त्यांना त्याचा मनापासून वीट आला होता.

त्यांच्या लेखी सोमाली म्हणजे फाराह. इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल-वंगण घालणारा त्यांचा ऑइलर, चार वर्षं त्यांच्याच पाळीला. तो एकदा म्हणाला होता, "सगळे मला चाच्यांचं विचारतात. आम्ही आईला काय म्हणतो, हे फक्त तुम्ही विचारलंत." होयो म्हणतात. त्याच दिवशी निशिकांतरावांनी सोमाली शब्दांची वही सुरू केली. आखाती बंदरांत त्यांना कामापुरती अरबी आली होती, फाराहशीही ते तीच बोलत. सोमाली शब्द अरबीशी जुळताना दिसले आणि त्यांना चेव चढला. जुळणारे दोनशे बारा शब्द जमले. या दोन भाषांचं नातं रक्ताचंच, असं ते छातीठोकपणे सांगू लागले.

तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी प्रबोध. त्याने त्यांना मंडळाच्या कार्यक्रमात बोलायला अर्धा तास दिला आणि परस्पर पोस्टरही काढलं: चाच्यांचा थरार! निशिकांतरावांनी तडक फोन लावला.

"मी शब्दांवर बोलणार आहे."

"काका, शब्द ऐकायला कोण येणार?"

"नाही आलं कुणी तर खुर्च्यांना सांगेन."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळातलीच विभा त्यांची वही बघायला आली. ही तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, भाषांची नाती हाच तिचा अभ्यास. ती पेन्सिलीने शब्दांपुढे टिंबं देत गेली. साबण, पुस्तक, तास, यांचे सोमाली शब्द.

"काका, हे अरबीतून सोमालीत आलेले आहेत. व्यापारातून, धर्मातून. शेजाऱ्यांकडून घेतलेले. आणि तुम्ही अरबीतून विचारत होता, म्हणून फाराहनी तुम्हाला कळतील असेच शब्द निवडून दिले असणार."

टिंबं झाली एकशे एकाहत्तर. निशिकांतरावांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची ऐट एका सकाळीत उतरली, ते त्यांना झोंबलंच.

"अहो, मग चाच्यांचंच सांगून टाका," त्यांच्या पत्नी सुचित्राताई म्हणाल्या. "नाहीतर चुकलेली पानं काढून नवी यादी तरी करा. कुणाला कळतंय?"

"पानं काढू?" ते उसळले. "बत्तीस वर्षं लॉगबुक लिहिलंय मी!"

जहाजाच्या लॉगबुकात चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत, पान तर मुळीच फाडत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. निशिकांतराव लाल पेन घेऊन बसले. एकशे एकाहत्तर रेघा, तितक्याच सह्या. दुपार त्यातच गेली.

"आणि उरलेले एकेचाळीस?" त्यांनी विभाला फोनवर विचारलं.

"ते असे झटकून टाकता येत नाहीत. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, हे बहुतेक अभ्यासक मानतात. नातं किती जवळचं, यावर भांडण आहे. 'मी' बघा, सोमालीत अनी, अरबीत अना. तो आला, ती आली, आम्ही आलो: यिमिद, तिमिद, निमिद. अरबी क्रियापदांच्या तोंडाशीही तेच य, त, न. असलं काही सहसा कुणी बाजारातून आणत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या पडद्यावर लाल रेघांची पानं जशीच्या तशी लावली. "या माझ्या चुका. वाचा खुशाल." मग एकेचाळीस शब्दांकडे वळले. लोक चुळबुळ करू लागले. शेवटी पहिल्या रांगेतून प्रबोध ओरडला, "काका, पाच मिनिटं उरलीत, आता चाचे होऊन जाऊ देत!" टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर निशिकांतराव बोलू लागले.

"ती बोट वीस मिनिटं माझ्या मागे होती. फाराह चार वर्षं माझ्या शेजारी होता. बोटीतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, पण फाराह आईला काय म्हणायचा ते माहीत आहे. पाच मिनिटं कुणाला द्यायची ते माझं मी ठरवीन."

त्यांनी वहीचं पहिलं पान पडद्यावर लावलं.

"होयो. याचं अरबीशी काहीही जुळत नाही. तरी पहिला शब्द हाच आहे, आणि याच्यावर मी रेघ मारणार नाही."