शिळफाट्यावरचा मोळ्यांचा कठडा

शिळफाट्यावर मोटारी थांबायला लागल्या तेव्हाची गोष्ट. घाट चढण्याआधी त्या तिथे पाणी भरून घेत. त्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून रस्त्याच्या मुकादमानं कडेचा दगडी कठडा पाडला नि दगड रस्त्याखालच्या मोरीपाशी टाकून दिले. कठडा कोणी बांधला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे पाडताना कोणाला विचारलंही नाही.

आमच्या आईला मात्र तो रोज लागायचा. साजगावच्या वरच्या रानातून ती लाकडाची मोळी डोकीवर घेऊन खोपोलीच्या बाजारात जाई. कठडा खांद्याइतका उंच. मान जरा कलती केली की मोळी त्यावर सरकायची, दम खाल्ला की पुन्हा डोकं खाली घालून उचलायची. भुईला टेकलेली मोळी एकट्या बाईच्यानं परत डोकीवर येत नाही. कठडा गेला म्हणजे वाटेतला विसावा गेला.

त्या दिवशी मी फाट्यावर न्हाव्यापुढे बसलो होतो, अर्धी हजामत झालेली. आई आली, कठड्याच्या जागी उतारूंची सर्व्हिस मोटार बघून जरा थांबली, आणि मोटारीच्या नाकाडावरच मोळी ठेवून दिली. ड्रायव्हर ओरडत धावला. आईनं पदरानं मान पुसली.

"माझ्या जागेवर तू मोटार ठेवलीस, मी तुझ्या मोटारीवर मोळी ठेवली. तुला घाई असंल तर हात लाव रं."

उतारू हसायला लागले. शेवटी ड्रायव्हरनंच मोळी चढवून दिली.

मग ठाकरवाडीच्या बायाही तसंच करू लागल्या, नि थोड्याच दिवसांत मोटारी आपण होऊन पलीकडे थांबायला लागल्या. मला याचं फार नवल वाटे. रस्ता सरकारचा, मोटार शेठची, मग जागा बायांची कशी झाली? मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेला, पण अजून मला हे कोणी शिकलेल्यानं नीट सांगितलेलं नाही.

दगड मोरीपाशी पडलेलेच होते. मी आणि धाकट्या भावानं कठडा पुन्हा रचला. परवानगी काढली नाही, काढणारही नव्हतो. दोरी धरून वरची ओळ अगदी सरळ केली. आईनं मोळी टेकून पाहिली. मला वाटलं, वाखाणेल.

"माझ्यापुरता झाला," ती म्हणाली. "ठाकरणी माझ्या कानाइतक्या. त्यांनी काय उडी मारून मोळी ठेवायची?"

पाहिलं तर खरंच त्या चवड्यांवर उभ्या राहून धडपडत होत्या. मग त्यांच्यातल्या एकीला शेजारी उभं करून खांद्यापाशी खूण केली आणि निम्म्या कठड्याचा वरचा थर उतरवला.

पुढे मुकादम आला, कठड्याकडे बघून हसला. म्हणाला, बांधणाऱ्याला सूत लावता येत नाही वाटतं.

मी म्हटलं, "डोकीवर मोळी घेऊन या, मग लावू सूत."

कठडा पाडायचं मात्र त्यानं नाव काढलं नाही. त्याच्या हाताखाली खडी फोडणाऱ्या निम्म्या बाया कामावर येताना तिथेच मोळ्या टेकत होत्या.